पाण्याच्या दिवशीचं रेकॉर्डिंग

वरच्या खोलीतल्या गृहस्थांबद्दल तुम्ही दोघं नातवंडं व्हिडिओ कॉलवर सारखं विचारायचात आणि मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणून टाळायचे. एक तर पाच मिनिटांत उरकण्यासारखे ते गृहस्थ नव्हते. दुसरं म्हणजे ते वर असेपर्यंत त्यांच्याबद्दल खाली काही बोलण्याची सोय नव्हती. त्यांना सगळं ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरात कुकरला शिट्टी लावली, नुसती लावली, की जिन्यातून आवाज यायचा, "बाई, जरा थांबा, रेकॉर्डिंग चालू हाय!" आता ते नांदेडला परत गेलेत. वरची खोली झाडून-पुसून मी कुलूप लावलंय. तेव्हा निवांत लिहिते. तुम्हीही निवांत वाचा आणि 'छान' असा एक शब्द पाठवून मोकळे होऊ नका.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना राग येईल असं नाही. आनंद होईल, आणि तो आनंद मला फोनवर तासभर ऐकावा लागेल. गल्लीत त्यांना सगळे भाई म्हणायचे, तेवढं पुरे.

भाई खोली बघायला आले तो दिवस माझ्या लक्षात राहिला, कारण त्यांनी पाण्याचं विचारलं नाही. लातुरात भाडेकरू आधी पाणी विचारतो, मग भाडं. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि धरण आटलं की त्याहूनही उशिरा, हे तुम्हाला सुट्टीत आल्यावर बादलीभर पाण्यात अंघोळ करून चांगलं कळलेलं आहे. भाईंनी नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि एक टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन एक. मग संडासात जाऊन एक. बाहेर येऊन म्हणाले, "घेतली."

तुमचे आजोबा मला हळूच म्हणाले, "डोक्यानं बरा आहे ना?" आजोबा हळूच बोलतात तेव्हा ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ऐकू जातं.

"साहेब, डोकं जाऊ द्या," भाई म्हणाले, "कान बरे हायेत."

त्यांच्या घराण्याचा धंदा लाउडस्पीकरचा. नांदेडच्या जुन्या वस्तीत भाईंच्या आजोबांपासून दुकान. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की प्रचारसभा, भोंगा ह्यांचाच. सगळ्या पक्षांना एकच भोंगा भाड्यानं जायचा, आणि भाई सांगायचे की त्यातून निघणारा आवाजही एकसारखाच असायचा. पुढे धाकट्या भावांनी डीजेच्या भिंती घेतल्या आणि भाई घरातून उठले. डीजेला ते गाणं म्हणायला तयार नव्हते. "ते छातीवर म्हैस बसवणं हाय," म्हणायचे. भावांशी बोलणं तुटलं. नांदेड सोडून हा माणूस लातुरात आला, आणि नांदेडच्या माणसानं लातुरात राहायला येणं म्हणजे काय ते तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. दोन्ही शहरं एकमेकांकडे सवतीसारखी बघतात. भाई रोज सकाळी एकदा तरी म्हणायचे, "आमच्याकडं गोदावरी हाय, तुमच्याकडं काय हाय?" मी म्हणायचे, "आमच्याकडे तुम्ही आहात, आणखी कुठलं संकट हवं?"

"मी संगीताचं थोडं काम करतो," एवढंच त्यांनी खोली घेताना सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे पेटी आली. रविवारी एका टेम्पोतून ड्रमचा संच उतरला, गिटार उतरल्या, आणि मागून चार पोरं उतरली. हा बँड. नाव 'रिपीटर'.

नावाचं कारण सरळ होतं. चौघंही डॉक्टर व्हायला लातूरच्या क्लासला आलेली आणि प्रवेश परीक्षेत एकदा, दोनदा पडलेली. अशा पोरांना इथे रिपीटर म्हणतात. आमच्या शहरात दर दुसऱ्या घरात एक असतो. धर्माबादची श्रद्धा गाणारी. इथलाच बालाजी ड्रम वाजवणारा. त्यानं तोवर डॉक्टरकीचा नाद सोडून वडिलांच्या खतांच्या दुकानात बसायला सुरुवात केली होती. आणि उदगीरचे दोघं जुळे भाऊ, दोघांच्याही हातात गिटार, एकाची चार तारांची आणि एकाची सहा. त्या दोघांना मी शेवटपर्यंत तारा मोजून ओळखायचे.

त्यांची गाणी मराठीत होती आणि विषय सगळे क्लासचे. मेसमधली पातळ आमटी, भिंतीवर लावलेले पहिल्या आलेल्यांचे फोटो, रविवारच्या चाचण्या. एक गाणं होतं, 'पुन्हा तेच पुस्तक, पुन्हा तेच पान, पप्पांना सांगा, पोरगं आहे महान'. मी हैदराबादला हॉस्टेलात असताना मुली असलं संगीत इंग्रजीत चोरून ऐकायच्या, त्यामुळे मला रॉकचा धक्का बसला नाही. धक्का स्लॅबला बसत होता. पहिल्याच दिवशी खाली आमच्या कपाटातल्या कपबशा एका दिशेनं चालायला लागल्या. मी वर जाऊन सांगितलं की ड्रम खाली हॉलमध्ये आणायचा, सकाळी साडेआठ ते दहा वाजवायचं, रविवारीच वाजवायचं, चपला रॅकमध्ये ठेवायच्या.

भाई खूश. त्यांना हॉलच हवा होता. टाळी मारून त्यांनी तोही आधीच बघून ठेवला होता, मी भाजी आणायला गेले असताना.

भाईंचा मुख्य हट्ट असा की बँड घरातच रेकॉर्ड करायचा, पण लाइव्ह. म्हणजे चौघांनी एकदम वाजवायचं, समोर माणसं बसलेली हवीत, आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. पुण्याच्या स्टुडिओत एकेक जण काचेमागे उभा राहून आपापलं वाजवून जातो, ह्याची त्यांना शिसारी होती. "ते म्हंजे नवरा-बायकोनं येगयेगळ्या दिवशी सप्तपदी चालणं हाय," असं ते श्रोत्यांना समजावून सांगायचे. श्रोते म्हणजे गल्ली. सतरंजी मी द्यायची. शेजारच्या सुमनताई, त्यांची सून, समोरचे पेन्शनर, आणि आजोबा.

टाळ्यांबद्दल भाई फार कडक. सुरुवातीलाच हात जोडून सांगायचे, "मनापासून आली तरच वाजवा. खोटी टाळी मला मिक्सिंगमधी वळखू येते." सुमनताई ह्याला घाबरून गाण्यानंतर हात पदराखाली ठेवून बसायच्या. आजोबांचं तसं नव्हतं. ते पहिला ठोका पडला की कानातलं यंत्र काढून खिशात टाकायचे, सबंध कार्यक्रम प्रसन्न चेहऱ्यानं बघायचे आणि पोरांचे हात थांबले की जोरजोरात टाळ्या वाजवायचे. भाई मला पुनःपुन्हा सांगत, "बाई, सगळ्या गल्लीत साहेबांची टाळी खरी. ट्रॅकवर बघा, कशी चमकते." मी कधी काही बोलले नाही. माणसाची एखादी श्रद्धा असू द्यावी.

घरातल्या वस्तूंकडे ते माझ्यासारखे बघत नसत. कपाट म्हणजे माइक ठेवायची जागा, जिना म्हणजे श्रद्धानं गायची जागा, गोधड्या म्हणजे ड्रमच्या पोटात कोंबायचा माल. मी वर्षाची ज्वारी एकदम भरते. ती पोती त्यांनी एकदा चार तारांच्या गिटारीच्या स्पीकरभोवती रचली आणि आवाज असा काही बसला म्हणे की ते पोत्यांना हात लावून उभे राहिले. तेव्हापासून आमच्या भाकरीवर त्यांची नजर.

"बाई, ह्या महिन्यात गव्हाच्या पोळ्या करा ना."

"का?"

"एक पोतं अर्धं झालं. बेस फुगून राहिलाय."

मी त्यांना सांगितलं की आमच्या घरात गिटारीचा खर्ज आवरण्यापेक्षा पोट भरणं जास्त महत्त्वाचं आहे. त्यावर ते खरोखर विचारात पडले, आणि दुसऱ्या दिवशी एक पोतं तूरडाळ स्वतःच आणून टाकलं. डाळीनं आवाज कोरडा येतो असं नंतर निघालं. ती डाळ आम्ही आणि सुमनताईंनी वाटून घेतली.

आणि गच्चीवरची टाकी. ती रिकामी असताना ते तिच्यात एक स्पीकर आणि एक माइक सोडायचे. श्रद्धाचा आवाज आत जाऊन घुमायचा आणि तो घुमारा ते गाण्यात मिसळायचे. सगळं लातूर पाण्याची वाट बघत असताना, पाणी आलं की तोंड पाडून बसणारा हा एकच माणूस मी पाहिला. "भरली का टाकी?" असं विचारायचे, एखाद्याच्या घरी कोणी गेलंय का असं विचारावं तसं.

रेकॉर्डिंग रविवारी व्हायचं. मिक्सिंग सोमवार ते शनिवार. मिक्सिंग म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा उतरलेला असतो, तो कमी-जास्त करून सगळ्यांचं एक गाणं बनवायचं. भाईंना ते करताना मी पुष्कळदा पाहिलं, कारण ते एका जागी बसून करायचेच नाहीत. गाणं चालू करून जिन्यात जाऊन ऐकायचे. गेटपाशी जाऊन ऐकायचे. माझ्या स्वयंपाकघरात येऊन, फोडणी चालू असताना, भिंतीला कान लावायचे. शेवटची परीक्षा ऑटोत. "गाणं ऑटोत टिकलं की जगात टिकलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि ऑटोत बरोबर मी हवी, कारण मला त्या गाण्यांची गोडी नव्हती. गोडी असलेल्याचा कान बिघडलेला असतो असं त्यांचं मत.

एकदा आम्ही असे गंजगोलाईच्या बाजारात गर्दीत अडकलो. ऑटोच्या मागच्या स्पीकरमधून श्रद्धा 'पप्पांना सांगा' असं किंचाळत होती. शेजारी स्कूटरवर, मुलाच्या मागे, मी शिकवायचे त्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. मी ज्यांच्यासमोर वीस वर्षं कधी मोठ्यानं हसले नाही त्या.

"अगं, तू?" त्या म्हणाल्या. "हे काय?"

"काही नाही बाई, लेव्हल बघतोय," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच चपापले.

ऑटोवाला मागे वळून म्हणाला, "भाई, बेस कमी वाटून राहिला."

"तुज्या स्पीकरमधी चिंध्या भरल्यात," भाई म्हणाले. पण घरी येऊन त्यांनी सगळं मोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

हीच त्यांची खोड होती. पोरांचं सगळं दुखणं तिथेच होतं. भाईंचं मिक्सिंग कधी संपत नसे. श्रद्धाचा आवाज वर घेतला की गिटार दबते, गिटार काढली की ड्रम अंगावर येतो, ड्रम आवरला की गाणं मेलं. मग त्या रविवारचं रेकॉर्डिंगच नीट नव्हतं, पुन्हा वाजवू. पोरं पुन्हा यायची. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, वाजवणं व्हायचं. असं तीन वर्षांहून जास्त चाललं आणि एकही गाणं त्या खोलीबाहेर पडलं नाही. पोरांना ती इंटरनेटवर टाकायची होती. भाईंकडे मागितलं की म्हणायचे, "कच्चं हाय. कच्चं वाढत न्हाईत पानात."

मग श्रद्धाला सीट मिळाली. चौथ्या खेपेला. डॉक्टरकीची नव्हे, आयुर्वेदाची, आणि तीही विदर्भात दूर कुठेतरी, पण मिळाली. पेढे घेऊन ती आली तेव्हा रडत होती. सुमनताईंना वाटलं आनंदानं. बालाजी पायरीवर बसून पेढा नुसता हातात धरून होता. बँडचं नाव रिपीटर आणि गाणारीच पास झाली, तेव्हा बँड संपला हे सगळ्यांना कळलं होतं.

"भाई, आता तरी द्या गाणी," तो म्हणाला. "ही जाऊन राहिली. माज्या आईला वाटतं मी हितं रविवारी झोपायला येतो."

"देतो ना. जरा श्रद्धाचा आवाज..."

"लई ऐकलं ते! तुमाला द्यायचीच न्हाईत. गाणं झालं की आमी यायचं बंद करू, म्हणून तुमी करत न्हाई."

भाईंनी बालाजीचा रिकामा कप उचलला, मोरीत जाऊन धुतला, पुसला, आणि पुन्हा धुतला. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी एरवी ओरडले असते.

बाहेर येऊन ते म्हणाले, "येक शेवटचं रेकॉर्डिंग करू. सगळी गाणी, सलग, न थांबता. ते मी देतो. जुनं सगळं कच्चं हाय, ते मरू द्या."

"देता?" श्रद्धानं विचारलं.

"देतो म्हणलं ना."

दिवस ठरवणं सोपं नव्हतं. श्रद्धा पुढच्या बुधवारी जाणार. त्याआधीचा रविवार एकच. पण त्या रविवारी दहापासून वीज बंद राहणार असा आमच्या भागात निरोप फिरला होता, तारांची दुरुस्ती होती. आणि दुपारी जुळ्या भावांना बहिणीच्या लग्नासाठी उदगीरला निघायचं होतं, ते गुरुवारी परतणार. म्हणजे रविवारी सकाळी साडेआठ ते दहा, नाहीतर कधीच नाही.

आणि पाणी? पाण्याचा दिवस रविवारी आला तर सगळं संपलं, हे भाई जाणून होते. पाणी आलं की गल्लीतल्या घराघरात नळाला लावलेल्या मोटारी एकदम सुरू होतात. तसं नळाला मोटार लावायची नसते. पण पोलिसांच्या घरीही आहे. त्या सगळ्या मोटारींचा घूं-घूं आवाज जमिनीतून, भिंतीतून, सगळीकडून येतो. रेकॉर्डिंगमध्ये तो एकदा शिरला की निघत नाही.

म्हणून भाईंनी मूळच गाठलं. आमच्या भागातले व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा गोविंद. त्याला त्यांनी घरी बोलावून चहा पाजला, बँड म्हणजे काय ते सांगितलं आणि वर आमंत्रणही दिलं, "रविवारी सकाळी तू ऐकायला यायचं. पहिल्या रांगेत." मनातून हिशेब असा की गोविंदच सतरंजीवर बसलेला असेल तर व्हॉल्व्ह फिरवायला दुसरं कोण जाणार? खाली येऊन मला म्हणाले, "बाई, पाण्याचा बंदोबस्त केला." लातुरात हे वाक्य त्या अर्थानं वापरणारा माणूस पुन्हा होणे नाही.

रविवारी सव्वाआठला हॉल भरला. गोविंद इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून पहिल्या रांगेत. पोरांनी तारा जुळवल्या. भाईंनी कानांवर हेडफोन चढवला, बोट वर केलं, आणि हात हवेतच राहिला. चेहरा असा झाला जणू कुणी त्यांना विंचू दाखवला.

मग आम्हालाही ऐकू आलं. समोरच्या घरातून घूं. पलीकडून घूं. सुमनताई सतरंजीवरून उठून पळाल्यासुद्धा.

"गोविंद!" भाई ओरडले. "पाणी कसं आलं?"

"मीच सोडलं ना," गोविंद आनंदानं म्हणाला. "तुमच्या गल्लीचा नंबर संध्याकाळी होता. म्हणलं, आज गाणं ऐकायला बसायचं, मधी उठावं लागू नये. म्हणून तुमचं आधी उरकून आलो."

माणूस आमच्याचसाठी घाई करून आला होता, म्हणून भाईंनी आवाज खाली आणला.

"बंद कर जा."

"आता? माजी नोकरी जाईल. लोक मला फाडतील."

हे खरं होतं. भाई हेडफोन गळ्यातून काढून गल्लीत धावले. दारोदार हात जोडले. "येक तास. फक्त येक तास मोटार बंद ठेवा." लोक वाईट नव्हते. दोन-तीन घरांनी ठेवलीसुद्धा. पण आमच्याकडे पाण्याचा स्वभाव असा की एकानं मोटार बंद केली की त्याच्या वाटचं पाणी शेजारची मोटार ओढून घेते. आपल्या नळाची धार बारीक होताना बघत कोण स्वस्थ बसेल? ज्यांनी बंद केल्या त्यांनी परत चालू केल्या. सुमनताई दारात कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "भाई, दहा दिवसांनी आलंय हो. गाणं काय, उद्या म्हणा."

"उद्या न्हाई ना, ताई!"

"मग पाणी तरी उद्या हाय का?"

आमची मोटार मी स्वतः बंद करून दारात उभी होते. आत येऊन बघते तर आजोबांनी ती चालू केलेली, आणि कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे खिशात, त्यामुळे माझं ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

भाई परत आले आणि उंबऱ्यावर बसले. "गुंडाळा रे," म्हणाले. "व्हत न्हाई." घड्याळात पावणेनऊ झाले होते. बालाजी ड्रमच्या मागे मान खाली घालून बसला होता.

जिन्यात उभी असलेली श्रद्धा काहीतरी गुणगुणत होती. आधी लक्षात आलं नाही. मग सहा तारांवाला म्हणाला, "थांब, थांब. परत कर." ती मोटारींच्या घूं-घूंमध्ये आपला सूर लावून उभी होती, आणि दोन्ही एक झाले होते. चार तारांवाल्यानं भिंतीला कान लावला. "सगळ्या मोटारींचा सूर येकच हाय," तो म्हणाला. "सगळ्या येकाच लाइटवर चालतात ना." मग दोघं गिटारी त्या सुराला लावायला खुंट्या पिळत बसले.

भाई ताडकन उठले. "काय करून राहिले? न्हाई! हे मी रेकॉर्ड करणार न्हाई. ही घाण हाय. चार वर्षं मी घाण काढून राहिलो गाण्यातली..."

"भाई," श्रद्धा म्हणाली, "तुमी म्हणता ना, लाइव्ह पायजे. मग हे काय हाय?"

"बटण दाबा," बालाजी म्हणाला, आणि भाईंची वाट न बघता त्यानं काठ्या आपटून चार मोजले.

भाई ज्या वेगानं माइककडे धावले, तसं त्या वयाच्या माणसानं धावू नये.

ते गाणं कसं झालं हे मला संगीतातलं कळत नसताना सांगणं अवघड आहे. एवढं सांगते की मी पहिल्यांदाच ते बसून ऐकलं. एरवी मी उभी असते, कप मोजत. सगळी गल्ली खालून एका सुरात धरून होती आणि वर ती पोरगी गात होती, पातळ आमटीबद्दल, भिंतीवरच्या फोटोंबद्दल, आणि आवाज कुठे पडत नव्हता. तिसऱ्या गाण्यात तिचे शब्द चुकले. कोणी थांबलं नाही. पाणी भरून झालेले लोक एकेक करत गेटपाशी येऊन उभे राहिले. सुमनताई ओल्या हातांनी आल्या आणि पदराखालून हात काढून टाळ्या वाजवल्या, परवानगी न विचारता. शेवटचं गाणं संपलं आणि जेमतेम चहा चुलीवर चढला तेवढ्यात वीज गेली. मोटारी, पंखे, सगळं एकदम गप्प. गोविंद सतरंजीवर तसाच बसून होता. म्हणाला, "दर रविवारी असतं का हे?"

त्यानंतर दोन दिवस वरून आवाज नाही. जिन्यात नाहीत, गेटपाशी नाहीत, माझ्या फोडणीपाशी नाहीत. मी मनाशी म्हटलं, झालं, लागले गाण्यातून मोटारी उपटायला. दिवाळीपर्यंत पुरेल.

बुधवारी सकाळी श्रद्धाच्या काकाची जीप आमच्या गेटसमोर उभी राहिली. मागे ट्रंक, गादी, बादली. ती मला आणि आजोबांना नमस्कार करायला आली होती. बालाजी दुकान बंद ठेवून आला होता. गाण्याचं दोघांपैकी कोणी विचारलं नाही. विचारून उपयोग नाही हे दोघांना ठाऊक होतं.

भाई खाली आले. दाढी वाढलेली, शर्ट उलटा. हातात पेनड्राइव्ह.

"घे," म्हणाले.

श्रद्धानं हात पुढे केला नाही. "उद्या फोन करून परत मागाल."

"न्हाई मागत. झालं ते."

"मोटारी काढल्या?"

"काढायला बसलो होतो." भाई जमिनीकडे बघत होते. "मोटार काढली की तुजा आवाज पण जायला लागला. तू तिच्याच सुरावर गायली, आता मी कुठं कापू? जिथं कापावं तिथं तू." मग हसले, पण नीट जमलं नाही. "राहू दिलं सगळं. चुकली ते पण हाय त्याच्यात."

तिनं घेतलं. ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलं, जत्रेत लहान मुलींच्या ओढणीला पैसे बांधतात तसं. जीपमध्ये बसली. काकानं गाडी चालू केली.

आणि भाई एकदम गेटबाहेर पळाले. "ये श्रद्धा! थांब! तिसऱ्या गाण्यात ड्रम जरा... दोन मिनटं दे, आत्ता देतो परत, दोन मिनटं!"

जीप निघाली. ते मागे धावणार, एवढ्यात बालाजीनं त्यांना पाठीमागून कवेत धरलं. "भाई, बस." भाई हातपाय झाडत होते, "अरे ड्रम दबलाय, तुजाच ड्रम दबलाय, सोड!" आणि बालाजी म्हणत होता, "दबू द्या. दबू द्या."

जीप वळणावर दिसेनाशी झाली. बालाजीनं सोडलं नाही. मी गेटला हात लावून उभी होते, पाहिलं, तर भाईंनी सुटायची धडपड कधीच थांबवली होती.